सिरॅमिक कोटिंगवर पडलेले पाण्याचे डाग कसे काढावेत

गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला पाणी न धरणारा अतिशय पातळ थर, करून घेतल्यावर पहिले काही आठवडे मालक खुशीत असतो. पाणी ओतले की त्याचे टपोरे थेंब होतात आणि अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे खाली ओघळून जातात. मग एखाद्या दुपारी उन्हात तिरक्या नजरेने बॉनेटकडे पाहिले की वाटाण्याएवढी पांढुरकी वर्तुळे दिसतात. हाताने पुसून ती जात नाहीत, शाम्पूनेही जात नाहीत, आणि कोटिंगवर घातलेले पैसे वाया गेले की काय, अशी शंका मनात येते. बहुतेक वेळा ते पैसे वाया गेलेले नसतात. मात्र अळवाच्या पानाच्या उपमेत एक गोष्ट राहून जाते, ती अशी की अळवाचे पान तिरके असते, वाऱ्याने हलते, आणि थेंब खाली पडून जातो. गाडीचे छत आणि बॉनेट मात्र जवळजवळ सपाट असल्याने थेंब तिथेच उभा राहतो आणि जागच्या जागी वाळतो.

हे वाळणे नीट समजून घेतले तर पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. कोटिंग नसलेल्या जुन्या रंगावर पाणी पातळ चादरीसारखे पसरते, त्यामुळे त्यातले क्षारही पसरून विरळ बसतात. कोटिंगवर तेच पाणी थेंबाथेंबांत गोळा होते आणि थेंबातला सगळा क्षार तेवढ्याच लहान जागेत साचतो. थेंब आकसत जातो तसे त्यातले पाणी उडते, क्षार उडत नाहीत, आणि शेवटच्या काही मिनिटांत उरलेला द्राव मूळ पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र झालेला असतो. थेंबाच्या कडेकडून पाणी लवकर उडत असल्याने आतला द्राव कडेकडे ओढला जातो. चहाचा थेंब टेबलावर वाळला की मध्ये फिकट आणि कडेला गडद रेघ राहते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच डाग ठिपक्यासारखा न दिसता कड्यासारखा दिसतो. थेंब भिंगाचे काम करतो आणि ऊन एकवटून रंग जाळतो, असेही बरेच जण सांगतात. ते ऐकायला चांगले वाटते. पण डागाचे कारण त्याहून साधे आहे. उन्हामुळे पत्रा तापतो, पाणी भराभर उडते, आणि तीव्र झालेला क्षार गरम पृष्ठभागाला घट्ट धरतो.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे, तेच हे पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी वाळताना कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते, म्हणजे खडूचा आणि चुनखडीचा मुख्य घटक. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर आणि न्हाणीघरातल्या बादलीवर जो पांढरा थर चढतो तोही हाच. दख्खनच्या काळ्या कातळाच्या भेगांतून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमबरोबर सिलिकाही, म्हणजे वाळूचा आणि काचेचा मुख्य घटक, विरघळलेली असते. सिलिकेचे डाग व्हिनेगरला दाद देत नाहीत, हे आताच लक्षात ठेवावे.

त्यामुळे डाग काढण्याआधी पाणी तपासावे. काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर बादलीत बुडवला की पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचा अंदाज लिटरला मिलिग्रॅममध्ये कळतो. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या आयएस १०५०० या भारतीय मानकात ही स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही गाडीच्या दृष्टीने वाईट असू शकते. हिशेब करून पाहावा. ६०० टीडीएसच्या २० लिटरच्या बादलीत १२ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, आणि त्यातला जो भाग गाडीवर वाळेल तो गाडीवरच राहील. धरणातून येणारे नळाचे पाणी बहुधा बरेच सौम्य असते. पुण्यात खडकवासल्याच्या पाण्याने धुतलेली गाडी आणि त्याच सोसायटीत उन्हाळ्यात आलेल्या टँकरच्या पाण्याने धुतलेली गाडी यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

इथे एका चांगल्या सवयीबद्दल वाईट बोलावे लागेल. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुणे ही काटकसर म्हणून कौतुकास्पद आहे, पण आरओ जे क्षार पिण्याच्या पाण्यातून काढतो ते सगळे त्याच टाकाऊ पाण्यात जातात, म्हणून ते मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारयुक्त असते. त्याने फरशी धुवावी, चाके धुवावीत, बॉनेट धुऊ नये. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ बादलीत साठवून फडक्यातून गाळून घेतले तर शेवटच्या धुण्यासाठी याहून स्वस्त आणि चांगले पाणी घरात सापडणार नाही. सॉफ्टनर बसवलेल्या सोसायट्यांतही मीटरवरचा आकडा फारसा खाली येत नाही, कारण सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम आणून ठेवतो. तिथेही डाग पडतात, मात्र ते पाण्यात विरघळणारे असल्याने ओल्या फडक्याने निघतात.

आता डाग कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचे. गाडी धुऊन, कोरडी करून, सावलीत उभी करावी आणि मोबाइलचा टॉर्च पॅनेलला जवळजवळ समांतर धरून पाहावे. मग बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून डागावरून अलगद फिरवावी; पिशवीमुळे नुसत्या बोटाला न जाणवणारा खरखरीतपणाही कळतो. उंचवटा जाणवला तर क्षार पृष्ठभागाच्या वर बसलेले आहेत, आणि ती सुटण्याजोगी गोष्ट आहे. काहीच जाणवत नाही पण वर्तुळ दिसते आहे, किंवा मध्ये किंचित खळगा वाटतो, तर तिथे कोटिंग खाल्ले गेले आहे, आणि कधी कधी त्याखालचा क्लिअर कोटही, म्हणजे गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर. अशा खळग्यावर रसायनाचा उपाय नाही, कारण विरघळवायला तिथे काही उरलेलेच नसते. अनेकदा एकाच बॉनेटवर दोन्ही जाती शेजारी शेजारी असतात. त्यामुळे आधी सुटणारे डाग सोडवावेत आणि जे राहतील त्यांचा विचार नंतर करावा.

कामाची वेळ महत्त्वाची आहे. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी पत्रा निवल्यावर काम करावे. तळहाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवून पाहावी. बॉनेट कोमट जरी लागले तरी थांबावे. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचे बॉनेट इंजिनमुळे सावलीतही बराच वेळ गरम राहते, हे पुष्कळ जण विसरतात. पहिली पायरी म्हणजे उदासीन पीएचच्या, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही अशा, कार-शाम्पूने नीट धुणे. धूळ राहिली असेल तर पुढचे प्रत्येक पुसणे म्हणजे पॉलिश कागदाने घासणेच ठरते, म्हणून ही पायरी टाळू नये. भांडी घासायचा द्राव एकदा वापरल्याने आकाश कोसळत नाही, पण रोजची सवय ठेवू नये.

दुसरी पायरी आम्लाची. कोटिंगसाठी बनवलेला तयार वॉटर-स्पॉट रिमूव्हर मिळाला तर उत्तमच. तो नसेल तर किराणा दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर, ज्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते, ते तेवढ्याच क्षारविरहित पाण्यात मिसळावे. व्हिनेगरचा वास नको असेल तर पाव लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवले तरी तेच काम होते. आधी नजरेआड असलेल्या एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे आणि मगच बॉनेटकडे वळावे. पूर्ण मुरलेले कोटिंग इतके सौम्य आम्ल थोडा वेळ सहज सोसते. मात्र नुकतेच केलेले कोटिंग मुरायला लागणाऱ्या पहिल्या आठवड्यात हा प्रयोग करू नये, तेव्हा कोटिंग करणाऱ्याकडेच गाडी न्यावी.

द्राव पॅनेलवर फवारून सोडून देण्यापेक्षा मायक्रोफायबरचे मऊ फडके त्यात भिजवून, हलके पिळून, डागांवर नुसते अंथरणे जास्त चांगले. कोटिंगवर फवारलेला द्रावही शेवटी थेंब होऊनच बसतो, आणि आपण ज्याच्याशी झगडतो आहोत तोच प्रकार आम्लाने पुन्हा करतो. अंथरलेले फडके सगळीकडे सारखे चिकटून राहते. मी बॉनेटचा एका वेळी साधारण वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा भाग घेतो, घड्याळ लावून दीड मिनिट थांबतो, मग फडक्याची स्वच्छ घडी उलटून वजन न देता एकाच दिशेने ओढतो आणि लगेच भरपूर पाणी ओततो. पहिल्या खेपेला काही वर्तुळांच्या मधला भाग नाहीसा झाला आणि कडा तेवढ्या राहिल्या, कारण क्षार सर्वांत जाड कडेलाच असतात. दुसऱ्या खेपेला त्या कडा तुटक झाल्या, तिसऱ्या खेपेला दहापैकी दोनच डाग उरले. तीन खेपांनंतर चौथी करू नये. जे तीनदा सुटले नाही ते सिलिकेचे आहे किंवा खळगा आहे, आणि आम्लाचा वेळ वाढवून त्यात फरक पडणार नाही. द्राव कोणत्याही परिस्थितीत गाडीवर वाळू द्यायचा नाही. सगळे झाल्यावर शाम्पूच्या पाण्याने एकदा धुऊन आम्लाचा अंश काढून टाकावा आणि लगेच कोरडे करावे.

जमिनीकडेही लक्ष असू द्यावे. बऱ्याच जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या अंगणात शहाबादी फरशी असते, आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. जे आम्ल डागातला कॅल्शियम कार्बोनेट खाते ते फरशीतलाही खाते. माझ्या अंगणातल्या एका फरशीवर व्हिनेगरचा ओघळ गेला तिथे आजही निस्तेज पट्टा दिसतो, आणि गाडीपेक्षा त्या पट्ट्यावरून घरात जास्त बोलणी बसली. तेव्हापासून आधी फरशी ओली करून मगच मी सुरुवात करतो.

काय करू नये त्याची यादी मोठी आहे, पण तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. संडास साफ करायचे ॲसिड, ज्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते कितीही पातळ केले तरी गाडीला लावू नये. क्रोमच्या पट्ट्या, ॲल्युमिनियम आणि उघडे नट-बोल्ट त्याने काळवंडतात किंवा गंजतात. कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरीच्या किंवा ब्लीचच्या संपर्कात येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आणि काच किंवा अलॉय व्हील चमकवण्याच्या नावाखाली मिळणारे फ्लोराइडयुक्त द्राव पॅनेलवर वापरू नयेत. ते सिलिका विरघळवतात हे खरे, पण सिरॅमिक कोटिंग स्वतः सिलिकेवरच आधारलेले असते, शिवाय ही रसायने त्वचेतून आत जाऊन गंभीर इजा करतात. टूथपेस्ट घासणे, अर्धे लिंबू चोळणे वगैरे घरगुती युक्त्यांविषयी इतकेच म्हणतो की पहिलीत घासणारे कण असतात आणि दुसरीत साखर.

तळघरातल्या पार्किंगमध्ये होणारा एक डाग वेगळा आहे आणि तो सर्वांत घातक आहे. स्लॅबमधून झिरपून गाडीवर टपकणारे पाणी सिमेंटमधला चुना घेऊन येते, म्हणजे प्रत्यक्षात ती चुन्याची निवळीच असते. शाळेत निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तेच इथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने होते आणि गाडीच्या छतावर पांढरा, कडक ओघळ तयार होतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे हा ओघळ बसून राहिला तर कोटिंगला आणि त्याखालच्या रंगालाही खातो. असा थेंब दिसला तर आठवड्याच्या धुण्याची वाट न पाहता त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावे आणि वर सांगितलेले आम्लाचे फडके ठेवावे. जाड कवच नखाने खरवडून काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. आधी मऊ होऊ द्यावे. आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी दुसरीकडे लावावी, कारण सोसायटीच्या सभेत गळतीचा विषय मंजूर होण्याच्या आत कोटिंग संपलेले असते.

आम्लाने न निघालेल्या डागांसाठी पॉलिश उरते. मात्र इथे मोजमाप समजून घ्यावे. मानवी केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गाडीच्या क्लिअर कोटची बहुधा ४० ते ५० च्या आसपास, आणि कोटिंगची एकदोन मायक्रॉनच. जाहिरातीत लिहिलेला ९एच हा आकडा पेन्सिलीच्या शिशाच्या काठिण्याचा असतो, हिऱ्यामाणकांच्या मोजपट्टीवरचा नव्हे. त्यामुळे पॉलिशने डाग काढणे म्हणजे त्या जागेचे कोटिंग काढणे, असेच गृहीत धरावे. एकदोन हलके डाग असतील तर अतिशय बारीक फिनिशिंग पॉलिश मऊ फोमच्या गादीवर घेऊन हाताने, हलक्या दाबाने, दहाबारा फेऱ्या माराव्यात, पुसून पाहावे, आणि मग त्या पॅनेलवर पुन्हा कोटिंग करून घ्यावे. संपूर्ण बॉनेट खळग्यांनी भरले असेल तर मशिनचे काम जाणकाराकडेच द्यावे. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचा गेज असावा, आणि काम सुरू करण्याआधी त्याने आकडे दाखवावेत असा आग्रह धरावा. खोल खळगा पूर्ण घालवण्यापेक्षा थोडा ठेवून क्लिअर कोट वाचवणे कित्येकदा शहाणपणाचे असते. हौशी मंडळींना हे पटत नाही, पण क्लिअर कोट पुन्हा वाढत नाही.

कोटिंगऐवजी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म, असेल तर आम्लाची पायरी तीच, फक्त आणखी हलक्या हाताने. ही फिल्म गरम पाण्याने ओरखडे भरून काढते म्हणून क्षाराचे खळगेही भरून येतील, असे समजू नये. काचेवरचे जुने डाग तर रंगावरच्यांपेक्षा चिवट असतात. तिथे सीरियम ऑक्साइडचे पॉलिश लागते.

आता एका गैरसमजाविषयी, कारण त्यात लोकांचे हजारो रुपये जातात. वर्षभराने पाण्याचे थेंब होणे बंद होते, पाणी चादरीसारखे पसरू लागते, आणि ‘कोटिंग उडाले’ असा निकाल दिला जातो. पुष्कळदा कोटिंग जागेवरच असते, त्याच्यावर क्षारांची आणि धुळीची डोळ्यांना न दिसणारी साय धरलेली असते. माझ्या गाडीचे असेच झाले. जिथे कोटिंग केले होते तिथे नवीन थराचा आकडा सांगण्यात आला, आणि तो ऐकून घरी येऊन मी बॉनेटचा डावा अर्धा भाग आम्लाच्या फडक्याने स्वच्छ केला व उजवा तसाच ठेवला. पाणी ओतल्यावर डाव्या अर्ध्यावर पूर्वीसारखे गोल थेंब उभे राहिले आणि मध्यरेषेपलीकडे पाणी सपाट पडून राहिले. नव्या कोटिंगचा निर्णय घेण्याआधी ही अर्ध्या-अर्ध्याची परीक्षा प्रत्येकाने करावी. दोन्ही अर्ध्यांवर पाणी सारखेच पसरले तरच कोटिंग संपले असे मानावे. वॉरंटीचे कार्डही त्याच वेळी वाचून घ्यावे, कारण पाण्याचे डाग त्यातून वगळलेले असण्याची शक्यता मोठी असते.

डाग पडू न देणे हे शेवटी गाडी वाळवण्याचे काम आहे. शेवटच्या धुण्याला पाइपच्या तोंडावरची फवारणी काढून टाकावी आणि छताच्या मध्यावर पाण्याची जाड, संथ धार धरावी; ती धार वाटेतले सुटे थेंब आपल्याबरोबर ओढून नेते आणि पॅनेल जवळजवळ कोरडे करते. त्यानंतर जाड विणीचा मायक्रोफायबर टॉवेल छतावर पसरून दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढावा, घासू नये. दर दोनतीन महिन्यांनी सिलिकायुक्त स्प्रे टॉपर, म्हणजे कोटिंगवर फवारायचा पातळ संरक्षक थर, मारला तर पुढचे डाग कोटिंगऐवजी त्या थरावर बसतात आणि सहज निघतात. पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाला एकाच बादलीत दहा गाड्या पुसायच्या असतात आणि ओले फडके फिरवून पुढे जाणे त्याला भाग असते. त्याला दोष देण्यापेक्षा आपल्या गाडीसाठी वेगळे कोरडे फडके त्याच्या हाती द्यावे, किंवा बॉनेट आणि छत सोडून दे म्हणून सांगावे. मे महिन्यातल्या वळवाच्या पहिल्या सरी धूळ घेऊन पडतात आणि तासाभरात पुन्हा ऊन येते. अशा सरीनंतर गाडी धुवावी. जुलैच्या संततधारेत क्षार कमी आणि ऊन नसते, तेव्हा निर्धास्त राहावे. रत्नागिरीला किंवा गोव्यात समुद्राकाठी गाडी उभी राहिली तर मिठाचा थर बसतो, पण मीठ साध्या पाण्यात विरघळते, फक्त ते पुसायच्या आधी धुवायचे.

आणि टॉवेल ठेवून देण्याआधी दोन्ही आरशांच्या खालच्या फटी, दारांच्या मुठी, डिकीची कड आणि नंबरप्लेटच्या मागची जागा पाहावी. तिथे लपलेले पाणी गाडी हलली की दहा मिनिटांनी कोरड्या दारावर ओघळते, म्हणून सोसायटीच्या फाटकापर्यंत एक फेरी मारून यावी आणि त्याच टॉवेलने ते ओघळ टिपून घ्यावेत.